आधी ड्रेसिंग, मग प्रार्थना

कुष्ठरोगाच्या रुग्णालयात नर्सचं निम्मं आयुष्य पायांशी जातं. इतर दवाखान्यांत नर्स पेशंटच्या चेहऱ्याकडे बघते, सलाइनकडे बघते, चार्ट चाळते. आमची नजर आधी जमिनीकडे. दारातून येणारा माणूस पाय कसा टाकतो, टाच आधी टेकते की चवडा फरफटतो, चपलेचा मागचा पट्टा लावलाय की टाचेखाली दाबून टाकलाय, एवढं दिसलं की केसपेपर उघडायच्या आधीच निम्मी हकिकत कळलेली असते.

मी मूळची नगर जिल्ह्यातली. (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायचीय.) नर्सिंग मिरजेला केलं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या रुग्णालयाच्या सावलीत ते गाव दवाखान्यांचं गाव झालं, आणि आमच्याकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांतल्या मुली तिथे पांढरी टोपी घालायला गेल्या. पुढे नोकरीची बहुतेक वर्षं वऱ्हाडात, मिशनच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेली. आता निवृत्त आहे. चर्चच्या महिला मंडळात अधूनमधून ‘ख्रिस्ती प्रीती आणि नम्र सेवा’ अशा विषयावर बोलायला बोलावतात. फळ्यावर रंगीत खडूने विषय लिहिलेला असतो, टेबलावर गुच्छ असतो, आणि मी डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी सांगावं अशी अपेक्षा असते. मी पाय घासायच्या वजरीबद्दल बोलायला लागते. पहिल्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघतात.

पण वजरीशिवाय मला हा विषय सांगताच येत नाही.

सकाळी वॉर्डच्या व्हरांड्यात प्लास्टिकचे टब ओळीने मांडायचे. त्यात साधं नळाचं पाणी. गरम पाणी अजिबात नाही, कारण ज्या पायाला चटका कळत नाही तो आधणात घातला तरी माणूस गप्पा मारत बसेल. पेशंट बाकावर बसतात, पाय टबात सोडतात. वीस मिनिटं, अर्धा तास. कातडी भिजून मऊ पडली की घट्टे आणि भेगांच्या कडा वजरीने घासायच्या. इथे हाताला शिकवावं लागतं: कमी घासलं तर उपयोग नाही, जास्त घासलं तर आपणच जखम करून ठेवतो. मग पाय टिपायचा, पण कोरडा ठणठणीत करायचा नाही. ओल असतानाच खोबरेल चोळायचं, म्हणजे ती ओल आत राहते. मग बोटांच्या बेचक्या बघायच्या, टाच बघायची, आणि शेवटी हाताची उलटी बाजू तळव्यावरून सावकाश फिरवायची. एखादी जागा बाकीच्या पायापेक्षा गरम लागली तर तिथे आत काहीतरी बिघडतंय. वरून काही दिसत नसतं. त्या पायाला दोन दिवस विश्रांती दिली तर ते तिथेच निवतं. नाही दिली, तर आठवड्याने तिथे फोड असतो.

हे सगळं कशासाठी? कुष्ठरोगाचा जंतू कातडीवर चट्टा उठवतो हे लोकांना ठाऊक असतं, पण त्याचा खरा डाव नसांवर असतो. घोट्याच्या आतल्या अंगाने जाणारी नस मेली की तळवा बधीर होतो. घाम आणणारे बारीक तंतूही त्याच नसेत असतात, तेही जातात. म्हणून कातडी कोरडी पडते, भेगाळते, जिथे भार पडतो तिथे घट्टा धरते. बधीर पायाखालचा घट्टा म्हणजे चपलेत कायमचा अडकलेला खडा. आपल्याला खडा टोचला की आपण थांबतो, चप्पल झटकतो. याला टोचतच नाही. तो त्याच खड्यावरून आठवड्याचा बाजार करून येतो. आत रक्त साखळतं, फोड फुटतो, माती जाते, आणि काही महिन्यांत हाडापर्यंत मामला पोचतो. मग गाव म्हणतं, बोटं झडली.

रोगाने बोटं झडत नाहीत, हे सिद्ध करायला एका माणसाने आयुष्य घातलं. डॉ. पॉल ब्रँड. जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात, मिशनरी आईबापांच्या पोटी. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि त्यांनी वाकड्या बोटांत दुसऱ्या जागेचे स्नायुबंध फिरवून बसवायची शस्त्रक्रिया बसवली. पण मला त्यांची आठवण येते ती मांजरांमुळे. रात्री निजलेल्या पेशंटच्या बोटांचा तुकडा सकाळी नाहीसा झालेला असायचा. लोक म्हणायचे रोगाने गेला. रात्रभर पहारा ठेवला तेव्हा कळलं, उंदीर कुरतडत होते. झोपलेल्याला पत्ता नाही. मग पेशंटला घरी जाताना बरोबर मांजर द्यायची पद्धत पडली. आमच्याकडेही वॉर्डात मांजरं असत. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, स्वच्छतेकडे लक्ष नाही!

महिला मंडळात पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘सिस्टर, तुम्हाला किळस नाही वाटली?’ मला हा प्रश्न फार सोपा वाटतो. वासाची नाकाला सवय होते, त्यात प्रीतीचा काही संबंध नाही. चामड्याच्या कारखान्यातल्या माणसालाही होते. अवघड असतं ते वेगळं. तोच पाय, त्याच जागी तोच घट्टा, आणि गेल्या महिन्यात ‘आता चप्पल घालीनच’ म्हणून गेलेला तोच माणूस पुन्हा अनवाणी समोर उभा. त्याच्यावर न ओरडता टब पुढे सरकवणं. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा प्रीतीवरचा तेरावा अध्याय आमच्यात लग्नाला वाचतात. नवरा-नवरीला त्या दिवशी तो समजत नाही, आणि समजायला लागतो तेव्हा कुणी वाचून दाखवत नाही. वॉर्डात मात्र तो रोज कामाला येतो.

आमच्या मेट्रनबाई केरळच्या, मराठी शिकून आलेल्या आणि ते मोजूनमापून वापरणाऱ्या. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: ‘आधी ड्रेसिंग, मग प्रार्थना.’ पूर्वी म्हणे सकाळी बाह्यरुग्ण विभागात रांगेसमोर प्रार्थना व्हायची, शास्त्रपाठ व्हायचा, आणि मग केसपेपर निघायचे. मेट्रनबाई आल्या आणि त्यांनी प्रार्थना चॅपेलमध्ये नेली. घंटा वाजेल, ज्याला यायचं तो येईल. काही जुन्या मंडळींना ते लागलं. मिशनच्या रुग्णालयात येशूचं नाव मागे का, असं त्यांचं म्हणणं. मला मेट्रनबाईंचं पटत होतं, आजही पटतं. ज्याचा पाय टबात आहे तो उठून जाऊ शकत नाही. अशा माणसासमोर उपदेश करणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. बाटवाबाटवीचे आरोप आमच्यावर बाहेरून होत, त्यातले पुष्कळ हवेतले असत. पण आरोप खोटा म्हणून आपली प्रत्येक सवय खरी ठरत नाही. चॅपेलमध्ये येणारे येत. एक माळकरी बुवा तर दर बुधवारी सगळ्यात पुढे बसायचे. भजन संपलं की ‘आता माझं ऐका’ म्हणून त्यांचा अभंग सुरू. कुणी अडवलं नाही. टाळ आमचाच असायचा.

आणि सेवा ही काही ख्रिस्ती माणसांची मक्तेदारी नाही, हे विदर्भात राहून विसरता येत नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम काढलं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन उभं केलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन. आणि सेवाग्रामला, १९३९ मध्ये, येरवड्याच्या तुरुंगात ओळख झालेले परचुरेशास्त्री रोग अंगावर घेऊन गांधीजींच्या दारी आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना स्वतःच्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि स्वतः मालिश करायला बसू लागले. आयर्लंडच्या वेलस्ली बेलींनी १८६९ मध्ये अंबाल्याला कुष्ठरुग्ण पाहिले आणि १८७४ मध्ये संस्था काढली, तेव्हापासून मिशनची माणसं या कामात आहेत हे खरं. पहिले आलो म्हणून मालक झालो असं नाही.

आता ज्या गोष्टीवरून हे सगळं निघतं ती गोष्ट. येशूने शिष्यांचे पाय धुतले ती हकिकत चारांपैकी एकाच शुभवर्तमानात आहे, योहानाच्या, तेराव्या अध्यायात. लहानपणी मी ती वाचण्याआधी कीर्तनात ऐकली. आमच्या नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात ती घातली. कीर्तनकार पेत्र या शिष्याला अगदी आमच्याकडचा अडमुठा शेतकरी करून उभा करायचे. गुरूने पाय धरले म्हणून तो असा काही ओशाळायचा की लोक हसायचे. पेत्राचं ओशाळणं का महत्त्वाचं, ते कळायला मला वऱ्हाडात जावं लागलं. पण त्याआधी येशूला धरून देणाऱ्या यहूदाचं सांगते, कारण वॉर्डात पेत्रापेक्षा यहूदा जास्त भेटतात.

पन्नाशीचा एक पेशंट होता. उजव्या तळव्याला जुनी जखम. अशा जखमेला औषधापेक्षा विश्रांती लागते, म्हणून पायाला प्लास्टर घालून ठेवतात. भार पसरतो, आणि आतली जखम मुकाट्याने भरत येते. याला प्लास्टर घातलं की आठ-पंधरा दिवस तो शहाण्यासारखा राहायचा. मग बहिरमची यात्रा जवळ आली की एके रात्री प्लास्टर कापून पसार. ही यात्रा डिसेंबरच्या अखेरीस भरते आणि महिनाभर चालते. तिथे हंडीतलं मटण आणि रोडगे खायला सगळा जिल्हा लोटतो, आणि रस्त्याच्या कडेने मागणारे बसतात. संक्रांत उलटली की हा परत दारात. कनवटीला नोटांची सुरळी, पायाची जखम दुप्पट. चिंधी सोडली की आमच्या नवीन सिस्टर तोंड फिरवायच्या, वासाने नव्हे, संतापाने. एका वर्षी एकीने स्पष्टच विचारलं, ‘बाबा, जखम भरत आली होती. का असं करता?’ तो शांतपणे म्हणाला, ‘बाई, जखम भरली तं मले कोन देईन?’

याला उत्तर नव्हतं. त्याचं शेत भावाने घेतलं होतं. हाताची बोटं वळलेली, मजुरीला कुणी लावत नव्हतं. जखम हेच त्याचं शेत होतं. त्या वर्षी स्टाफच्या मीटिंगमध्ये बोलणं निघालं की याला पुन्हा भरती करू नये. खाट अडते, सामान जातं, दुसऱ्यांना वाईट वळण लागतं. सगळी कारणं खरी होती. डॉक्टर ऐकून घेत होते. ते म्हणाले, त्या रात्री यहूदा जेवणावरून उठून गेला तो पाय धुऊन झाल्यावर, आधी नाही. एवढंच. खाट दिली गेली.

तो सुधारला का? नाही. अशा गोष्टींत पेशंटच्या डोळ्यांतून अश्रू येतात आणि तो बदलतो, असं बोधकथांत होतं. हा चप्पलच्या कारखान्यात थोडे महिने बसला, सोल कापायला शिकला, कंटाळला, गेला. दोन वर्षांनी पुन्हा आला. आम्ही पुन्हा टब मांडला. मला यात हरल्यासारखं कधी वाटलं नाही, पण जिंकल्यासारखंही नाही. कामाचा तो एक भाग होता.

उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी चॅपेलमध्ये पाय धुण्याचा विधी व्हायचा. डॉक्टर, पाळकसाहेब आणि मेट्रनबाई कमरेला टॉवेल गुंडाळून बारा पेशंटचे पाय धुवायचे. बाहेरगावचे पाहुणे यायचे, फोटो निघायचे. बारा जण निवडायचं काम माझ्याकडे होतं. वॉर्डात एक आजी होत्या, बऱ्याच वर्षांच्या, घरच्यांनी सोडलेल्या. त्यांना दर वर्षी विचारायचं आणि दर वर्षी त्या दिवशी संध्याकाळी त्या गायब. एकदा त्या स्वयंपाकघरामागे लाकडांच्या ढिगाआड बसलेल्या सापडल्या. मी म्हटलं, ‘आजी, रोज सकाळी तर पाय धुऊन घेता माझ्याकडून. आजच काय झालं?’

‘रोज धुतं थे बरं हाय,’ त्या म्हणाल्या. ‘रोज कोनी पाह्यले येत नाही. आज काहून एवढे लोक बसवले?’

मी जाऊन मेट्रनबाईंना सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना. पुढच्या वर्षी पाहुण्यांना बोलावणं गेलं नाही, कॅमेरा बंद झाला, आणि डॉक्टरांनी आणखी एक बदल केला: पेशंटपैकी ज्यांची इच्छा असेल त्यांनी स्टाफचे पाय धुवायचे. आम्ही बसायचं.

तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या शूर बाया-माणसांची जी तारांबळ उडाली ती बघण्यासारखी होती. एका सिस्टरला अचानक डोकेदुखी. अकाउंट्सचे साहेब म्हणाले, माझे मोजे आहेत. जे लोक रोज दुसऱ्याच्या पायातला पू काढतात त्यांना स्वतःचा धडधाकट पाय पुढे करता येईना. कारण धुणारा नम्र असतो, पण उभा असतो. त्याच्याकडे द्यायला काहीतरी असतं. ज्याचे पाय धुतले जातात त्याच्याकडे त्या घडीला काहीच नसतं. पेत्र ओशाळला तो इथे. माझ्यासमोर आजीच येऊन बसल्या. त्यांच्या वळलेल्या बोटांत तांब्या धरवेना, म्हणून त्यांनी तो दोन्ही मनगटांत धरला. पाणी निम्मं माझ्या साडीवर. मग त्यांनी मनगटाच्या कडेने माझी टाच चोळली, थोडा वेळ बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘सिस्टर, तुमच्याबी टाचेले भेगा हायेत. तेल लावत जा.’

चॅपेलमध्ये एवढं हसू मी त्या गुरुवारी पहिल्यांदाच ऐकलं.

नम्रतेबद्दल एक कडू गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे लेखन खोटं होईल. या नोकरीच्या आधी मी एका दुसऱ्या संस्थेत होते. तिथे पगार वाढवून मागितला की सेवेचा अर्थ समजावून सांगितला जायचा. झाडूपोछा करणाऱ्या मावशींना महागाई भत्ता द्यायचा प्रश्न आला की व्यवस्थापनाला एकदम येशूची आठवण यायची, आणि व्यवस्थापनाची गाडी मात्र दर काही वर्षांनी बदलायची. नम्रता स्वतःकडून मागायची असते. वरच्याने खालच्याकडून ती मागितली की ती सक्ती होते. कमी पगारात आनंदाने राबलेल्या कित्येक जणी मी पाहिल्या, त्यांना माझा मनापासून सलाम. पण त्यांच्या आनंदावर संस्थेने वर्षानुवर्षं बचत करावी, हे ख्रिस्ती नाही. मावशींचा प्रॉव्हिडंट फंड वेळेवर भरणं ही मी कोणत्याही संस्थेतली पहिली प्रार्थना मानते.

माझ्या रुग्णालयात ज्या माणसाने मला हे काम खरं शिकवलं त्याला सगळे मामा म्हणत. मामा आधी पेशंट होते. विशीत रोग लागला, घरच्यांनी लपवला, तोवर दोन्ही हात आणि एक पाय गेला होता. हातांवर शस्त्रक्रिया झाली, पायाचा चवडा उचलत नव्हता त्याला पट्टा मिळाला, आणि मामा वॉर्डबॉय म्हणून लागले. ते वॉर्डात आले तेव्हा मी त्यांना बाकीच्यांसारखं पेशंटचे पाय घासायला सांगितलं. त्यांनी नकार दिला. म्हणाले, ‘मी दुसऱ्याचे पाय धुनार नाही. ज्याचे त्याले धुवाले लावीन.’

मला वाटलं, कामचुकार आहे. पण दुसऱ्या दिवशी बघते तर मामा स्वतःचा टब घेऊन पेशंटच्या ओळीतच बाकावर बसलेले. पाय टबात, हातात वजरी. वळलेल्या बोटांत वजरी राहत नाही, म्हणून त्यांनी तिला जुन्या सायकलच्या ट्यूबचा पट्टा बांधला होता. हात त्यात अडकवायचा. खिशातून हातात मावेल असा आरसा काढायचे, जमिनीवर ठेवायचे, आणि तळवा त्यावर धरून शेजारच्याला म्हणायचे, ‘पाहा, माह्या टाचेले इथं लाल झालं. तुहं दाखव.’ शेजारचा आपोआप पाय उचलायचा. चहा आला की मामा आधी पेल्याला फडकं गुंडाळायचे, मग ओठाला लावायचे. चुलीवरचं भांडं सांडशीशिवाय उतरवायचं नाही, विडी बोटांत धरून ओढायची नाही, बाजारात चालून आलं की चप्पल काढून आधी आत हात घालून बघायचं. हे आम्ही सगळ्यांना सांगत होतोच. पण आमचे तळवे शाबूत होते, आम्हाला ठेच कळत होती. मामांचं ऐकलं जायचं.

पुढे गावोगाव आणि वसाहतींत जे स्व-काळजी गट झाले, त्यांत हेच असतं. महिन्यातून एकदा माणसं जमतात, एकमेकांचे पाय बघतात, कुणाची जखम उघडली, कुणाची बंद झाली ते बोलतात. सिस्टर लागत नाही. मी अशा एका बैठकीला गेले तेव्हा माझ्याकडे कुणी फारसं लक्षच दिलं नाही. सतरंजीच्या कोपऱ्यावर बसून चहा प्याले आणि परत आले. प्रीतीची एक परीक्षा मला तिथे पटली: आपल्यावाचून त्यांचं चालायला लागलं की आपल्याला बरं वाटतं की वाईट? मला दोन्ही वाटलं, खरं सांगते.

चपलांचीही अशीच कथा. मऊ रबराच्या तळाची, मागून पट्टा असलेली, खिळा न मारलेली एमसीआर चप्पल पायाला फार चांगली, पण ती एकाच ठशाची काळी असायची. गावात ती दिसली की लोक ओळखायचे. पेशंट वेशीबाहेर चप्पल पिशवीत टाकायचे आणि अनवाणी घरी जायचे. आम्ही त्यांना बेजबाबदार म्हणायचो. मग आमच्या चप्पल करणाऱ्या कारागिराने बाजारातल्या सँडलसारखा वरचा भाग आणि रंगीत पट्टे लावायला घेतले. बायकांसाठी तपकिरी, बकलवाली. खर्च थोडा वाढला. जखमा घटल्या. त्या कारागिराचं नाव कुठल्या अहवालात आलं नाही.

काळ बदलला तो मुख्यतः गोळ्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला आणि आयुष्यभर डॅप्सोनच्या गोळ्या खाणारी माणसं ठरावीक महिन्यांत बरी होऊ लागली. कमी जंतूंच्या रोगाला सहा महिने, जास्त जंतूंच्या रोगाला बारा. गोळ्यांचं पाकीट फुकट. त्यातल्या एका औषधाने लघवी लाल होते, दुसऱ्याने कातडी काळवंडते. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंट घाबरून औषध सोडतो. कायदे मात्र गोळ्यांपेक्षा सावकाश चालले. इंग्रजांचा १८९८ चा कुष्ठरुग्णांना डांबायचा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. नवऱ्याला किंवा बायकोला कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मिळत होता, तो २०१९ मध्ये बंद झाला. आणि माणसं कायद्यापेक्षाही सावकाश. पूर्ण बरी झालेली, दिवस भरलेली एक बाई जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यातून निव्वळ बोटं बघून आमच्याकडे पाठवली गेली होती. आमच्याकडे प्रसूतीची खोली नव्हती. ड्रेसिंगच्या टेबलावर बाळंतपण झालं, मेट्रनबाईंच्या हातून. मुलगी झाली.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण उरले, तेव्हा निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. त्याचा अर्थ रोग संपला असा अनेकांनी घेतला, खुद्द आरोग्य खात्यातल्या काहींनीसुद्धा. आजही भारतात दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आपल्याकडचे. तरुण डॉक्टर चट्टा बघून गजकर्णाचं मलम लिहून देतात, आणि वर्ष-दोन वर्षं जातात. नस मेली की ती परत येत नाही. मग वजरी, टब, आरसा, चप्पल, आयुष्यभर.

म्हणून महिला मंडळात मी शेवटी प्रवचन करत नाही, एवढंच सांगते, आणि तुम्हालाही सांगते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तो खाजत नसेल, दुखत नसेल, तर त्याच गोष्टीची काळजी करा. डोळे मिटून त्यावर कुणाला पेनाचं टोक हलकेच टेकवायला सांगा. कळलं नाही, तर दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा आशाताईला दाखवा. औषध फुकट आहे, ते सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या माणसापासून रोग पसरायचा थांबतो, आणि त्याला घराबाहेर काढायचं, वेगळं ताट द्यायचं काहीही कारण नाही. बरा झालेला कुणी तुमच्याकडे काम मागायला आला तर त्याची बोटं बघू नका, काम येतं का ते विचारा.